डुइवोर: बावीस वर्षं जगलेला वेल्श तालुका आणि रविवारची बियर

चेस्टरकर

गेल्या महिन्यात जोडून सुट्टी आली म्हणून उत्तर वेल्समध्ये पोर्थमादोगला गेलो होतो. खाडीवर मैलभर लांबीचा दगडी बांध आहे, त्याला तिथे 'कॉब' म्हणतात. विल्यम मॅडॉक्स नावाच्या माणसाने समुद्र मागे रेटून जमीन मिळवण्यासाठी तो घातला, १८११ मध्ये पुरा झाला. बांधावरून एकीकडे गाड्या आणि दुसरीकडे फेस्टिनिऑगची छोटी आगगाडी जाते. भरती-ओहोटी बघत बाकावर बसलो होतो, शेजारी एक आजोबा कुत्रा घेऊन बसलेले. मी भारतातला म्हटल्यावर आधी क्रिकेट झालं, मग पाऊस झाला. मग आजोबांनी काठी बांधाच्या पलीकडे रोखली आणि म्हणाले, "माझ्या तरुणपणी रविवारी पाइंट प्यायचा तर तिकडे जावं लागे. तिकडे मेरिओनिद. इकडे डुइवोर. इकडे रविवारी सगळं कोरडं."

मला वाटलं हे पन्नास-साठ सालचं सांगतायत. तर नाही, १९९० सालचं! मी दहावीत होतो तेव्हाचं. घरी येऊन वाचत बसलो आणि त्यातून हा धागा.

आधी उच्चार, कारण त्यावरून इथे मारामारी होणार हे मला माहीत आहे. वेल्शमध्ये एकेरी एफचा उच्चार 'व', दोन एफ आले की 'फ', आणि डब्ल्यू हा बऱ्याचदा चक्क स्वर असतो, 'उ'. म्हणून डुइवोर. हे नदीचं नाव. तिला येऊन मिळणारी दुसरी नदी डुइवाख. 'वोर' म्हणजे मोठी, 'वाख' म्हणजे धाकटी. थोडक्यात डुइ बुद्रुक आणि डुइ खुर्द. दोन एल एकत्र आले की जो फुसकारा येतो त्यासाठी इंग्रजीत अक्षर नाही, पण आपल्याकडे 'कोल्हा'तला 'ल्ह' आहे, तो बऱ्यापैकी जवळ जातो. म्हणून डुइवोर ज्या द्वीपकल्पावर आहे तो 'ल्हीन' आणि तिथलं मुख्य गाव 'पुल्हेली'. (पुल्ह म्हणजे डबकं, हेली म्हणजे खारं पाणी. खारेपाटण समजा.)

तर मूळ गोष्ट. १९७४ पर्यंत वेल्समध्ये १३ जुन्या काउंट्या (आपले जिल्हे म्हणा) होत्या आणि त्यांच्या पोटात बरो (सनद मिळालेली गावं), नागरी डिस्ट्रिक्ट, ग्रामीण डिस्ट्रिक्ट अशी भाराभर छोटी मंडळं. १९७२ च्या कायद्याने हा सगळा पसारा आवरला. १ एप्रिल १९७४ पासून ८ मोठ्या काउंट्या आणि त्यांच्याखाली ३७ डिस्ट्रिक्ट. काउंट्यांना ग्विनेद, पोविस, डिवेद अशी मध्ययुगीन राज्यांची नावं दिली. ग्विनेदमध्ये पाच डिस्ट्रिक्ट आले: अनिस मोन, आरवोन, आबरकोनवी, मेरिओनिद आणि आपला डुइवोर.

डुइवोर कशाकशातून शिवला? पुल्हेलीची बरो, क्रिकिएथ आणि पोर्थमादोगचे नागरी डिस्ट्रिक्ट, ल्हीनचा ग्रामीण डिस्ट्रिक्ट आणि ग्विरवाइ नावाच्या ग्रामीण डिस्ट्रिक्टचा एक तुकडा. पुल्हेली म्हणजे १३५५ साली सनद मिळालेलं गाव, आणि तरी गाव म्हणजे गावच. सगळ्या डिस्ट्रिक्टची मिळून लोकसंख्या तीस हजारांच्या आत. आपल्याकडे एवढी माणसं एका वॉर्डात असतात. चारांत तीन जण वेल्श बोलणारे. कौन्सिलवर बहुतेक सदस्य अपक्ष, पक्षबिक्ष भानगड कमी. घरं, कचरा, बांधकाम परवाने हे डिस्ट्रिक्टकडे. शाळा, मोठे रस्ते वरच्या काउंटीकडे.

एवढंच असतं तर कोणी लिहायची गरज नव्हती. पण बियर आहे.

१८८१ मध्ये ब्रिटिश संसदेने फक्त वेल्ससाठी एक कायदा केला: रविवारी पब बंद. इंग्लंडला एक आणि वेल्सला वेगळा असा कायदा त्याआधी कित्येक पिढ्यांत झाला नव्हता. वेल्स ही वेगळी जागा आहे हे लंडनने कागदावर मान्य केलं ते दारूबंदीच्या निमित्ताने! मागणी चॅपलवाल्यांची, म्हणजे अधिकृत अँग्लिकन चर्चबाहेरच्या मेथडिस्ट, बाप्टिस्ट वगैरे मंडळींची. अर्थात पळवाटा होत्याच. तीन मैलांहून लांबून आलेला 'खरा प्रवासी' असेल तर त्याला मिळायची. त्यामुळे रविवारी दुपारी अख्खं गाव फिरायला निघायचं, या गावचे त्या गावाला आणि त्या गावचे या गावाला. आणि खासगी क्लबांना कायदा लागूच नव्हता.

ऐंशी वर्षं हे चाललं. १९६१ मध्ये सरकारने लोकांवरच सोपवलं: मतदान घ्या, आणि दर सात वर्षांनी पुन्हा घ्यायची मुभा. पहिल्या फेरीत कार्डिफ, स्वान्झी, न्यूपोर्ट, मर्थर ही शहरं आणि दक्षिण-पूर्वेकडच्या काउंट्या 'ओल्या' झाल्या, फ्लिंटशरही. बाकी पश्चिम आणि उत्तर 'कोरडी' राहिली. १९६८ मध्ये डेन्बीशर, माँटगमरीशर, पेम्ब्रोकशर ओले झाले. कोरडा भाग पश्चिम किनाऱ्याकडे आक्रसत गेला, ओहोटीला किनाऱ्यावर शेवटचं डबकं राहावं तसा. फक्त इथे डबकं कोरड्याचं होतं.

१९७४ नंतर मतदान डिस्ट्रिक्टवार होऊ लागलं. आणि १९८९ च्या फेरीनंतर सबंध वेल्समध्ये रविवारी कोरडा असा एकच डिस्ट्रिक्ट उरला: डुइवोर.

पुढचं नंतर लिहितो, पोरीला पोहायला न्यायचं आहे.

मालवणी_मसाला

पळवाट भारी आहे. तीन मैल चालून गेलं की माणूस प्रवासी होतो आणि प्रवाशाला तहान लागते. कायदा करणारा स्वतः पिणारा असणार.

बाकी 'पोरीला पोहायला न्यायचं' म्हणून ऐन मोक्याच्या जागी धागा सोडून जाणाऱ्यांना शिक्षा हवी.

अनुस्वार

शीर्षकात तुम्ही 'तालुका' लिहिलंय ते योग्य. मराठी वर्तमानपत्रं ब्रिटिश 'डिस्ट्रिक्ट'चं भाषांतर डोळे मिटून 'जिल्हा' करतात आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर कलेक्टर कचेरी येते. १९७४ च्या वेल्समध्ये काउंटी म्हणजे आपली जिल्हा परिषद आणि डिस्ट्रिक्ट म्हणजे पंचायत समिती किंवा नगरपालिका, असं धरलं तर वाटणी लगेच कळते. फरक एवढाच की तिथल्या डिस्ट्रिक्टला घरबांधणीचे आणि बांधकाम परवानगीचे दात होते. आपल्या पंचायत समितीला कोणते दात आहेत ते आपण जाणतोच.

आणि 'खारेपाटण समजा' हे जरा अतीच झालं.

तर्कट

लेख रंजक आहे, पण त्यातून 'डुइवोरचे लोक जास्त धार्मिक' असा समज होतो तो मला पटत नाही. नकाशा बघा. १९६१ आणि १९६८ मध्ये मतं मोजली गेली ती जुन्या कायरनारवोनशर काउंटीची एकत्र. त्यात लॅन्डिड्नो होतं, समुद्रकिनारी हॉटेलांची रांग असलेलं पर्यटकांचं गाव. बॅन्गोर होतं, विद्यापीठाचं. १९७४ मध्ये काउंटीचे तुकडे केले तेव्हा लॅन्डिड्नो गेलं आबरकोनवीत, बॅन्गोर आणि कायरनारवोन गेली आरवोनमध्ये. चाळणीत उरलं काय? शेतकरी, कोळी, खाणीतले निवृत्त कामगार आणि चॅपल. तुम्ही रेषा अशी आखली की आत फक्त 'नको' म्हणणारे उरले, मग निकालाचं आश्चर्य कसलं? डुइवोर कोरडा राहिला तो देवामुळे नव्हे, लंडनच्या कारकुनामुळे.

चेस्टरकर

@तर्कट, मुद्दा बिनतोड आहे आणि मूळ लेखात यायला हवा होता. फक्त एक पुरवणी. ती रेषा कारकुनाने हवेतून आखली नव्हती. डुइवोर म्हणजे स्थूलमानाने ल्हीन आणि एइवियोनिद हे दोन मध्ययुगीन परगणे. लोक आजही 'मी एइवियोनिदचा' असं सांगतात. त्यामुळे आत जे उरले ते उरलेसुरले नव्हते, त्यांची आपली एक मोट आधीपासून होती. कारकुनाने ती फक्त बांधली.

@अनुस्वार, खारेपाटण मागे घेतो.

आता १९९६. हा भाग मला सगळ्यात आवडला.

१९९४ मध्ये पुन्हा कायदा. दोन स्तर नकोत, एकच स्तर हवा. ८ काउंट्या आणि ३७ डिस्ट्रिक्ट सगळे रद्द, त्यांच्या जागी २२ एकस्तरीय कौन्सिलं. ३१ मार्च १९९६ ला रात्री बारा वाजता डुइवोर डिस्ट्रिक्ट कौन्सिल संपली. बावीस वर्षं पुरी. आरवोन, डुइवोर आणि मेरिओनिद एकत्र करून जे नवं बनलं त्याचं कायद्यातलं नाव होतं 'कायरनारवोनशर आणि मेरिओनेथशर'. १ एप्रिलला कौन्सिल त्या नावाने उघडली आणि २ एप्रिलला नाव बदलून 'ग्विनेद' झालं. एक दिवस टिकलेलं नाव, तेही एप्रिल फूलचा.

पण सात वर्षांचं चक्र १९९६ मध्येच पुन्हा आलं होतं. कौन्सिल वसंतात गेली आणि मतदान त्यानंतर झालं. म्हणजे जो डिस्ट्रिक्ट सरकारदरबारी मेला होता, त्याच्याच हद्दीत लोकांनी मतं दिली. निकाल: ओला. १८८१ पासूनची रविवारबंदी वेल्सच्या शेवटच्या कोपऱ्यातून उठली. बांधाच्या पलीकडे जायची गरज संपली.

आजोबांना मी विचारलं, तुम्ही कुठल्या बाजूने मत दिलंत? ते म्हणाले, "मी कोरड्याच्या बाजूने. बायको चॅपलमध्ये ऑर्गन वाजवायची. आणि खरं सांगू? पलीकडे गाडी चालवत जायची जी मजा होती ती पुढच्या दाराच्या पबात कुठली?"

मुक्ताई

मी ग्विनेदमध्ये नऊ वर्षं दवाखान्यात काम केलं, त्यामुळे हा धागा वाचताना घशाशी काहीतरी आलं.

बियरचं तुम्ही लिहिलंत, मी भाषेचं लिहिते. पहिल्या आठवड्यात ल्हीनकडची एक आजी आली. ऐंशीच्या पुढची. इंग्रजी येत होतं तिला, पण दुखतं कुठे ते इंग्रजीत सांगता येईना. 'पोटात' एवढंच. नर्सने वेल्शमध्ये विचारल्यावर बाईंनी धडाधड सांगायला सुरुवात केली, कुठून उठतं, कुठे जातं, काय खाल्ल्यावर. मला माझी सातारची आजी आठवली, जी मुंबईच्या डॉक्टरपुढे हिंदीत गप्प व्हायची. त्या दिवसापासून मी शिकायला लागले.

डुइवोर कौन्सिलबद्दल तिथले जुने लोक जे अभिमानाने सांगतात ते दारूचं नाहीच. ते सांगतात की कचेरीचा कारभार वेल्शमधून चालायचा. नुसत्या द्विभाषी पाट्या नव्हेत. आतली टिपणं, बैठका, फायली सगळं. वेल्श येणाऱ्या शिपायाने, कारकुनाने, इंजिनियरने एकमेकांना इंग्रजीत चिठ्ठी का लिहायची, इतका साधा प्रश्न. पुढे ग्विनेदने तेच धोरण पूर्ण कौन्सिलला लावलं आणि ते आजही आहे.

कोर्स करायला मी नान्त गुर्थेर्नला गेले होते. समुद्रावरच्या कड्याखाली खाणकामगारांचं गाव होतं, खाणी बंद पडल्या आणि १९५९ च्या सुमारास शेवटची माणसं उठून गेली. छपरं पडली, बकऱ्या राहायला आल्या. जवळच्या ल्हानेल्हायर्न गावातले डॉक्टर कार्ल क्लाउज आणि त्यांच्या साथीदारांनी १९७८ मध्ये २५,००० पौंडांना ते ओसाड गाव विकत घेतलं, दुरुस्त केलं आणि १९८२ पासून तिथे वेल्श शिकवायला लागले. त्याच डॉक्टरांनी १९७४ मध्ये, म्हणजे डुइवोर जन्मला त्याच वर्षी, ल्हानेल्हायर्नला गावाची सहकारी संस्था काढली, कारण शाळा बंद पडायला आली होती आणि माणसं गाव सोडत होती. ब्रिटनमधल्या अशा पहिल्या संस्थांपैकी ती एक.

उतार इतका आहे की पहिल्या दिवशी माझ्या गाडीच्या ब्रेकचा वास आला. परत चढताना वर्गातल्या चौघांनी उतरून चालत यायचं ठरवलं.

पिंपळपान

मुक्ताई, सुंदर. सातारच्या आजीला नमस्कार.

एक राहिलं. प्लाइड कमरी हा वेल्श राष्ट्रवादी पक्ष ऑगस्ट १९२५ मध्ये पुल्हेलीतच स्थापन झाला. तिथे त्या वेळी आइस्तेद्वोद भरलं होतं (आपल्या साहित्य संमेलनात गाणी, कविता आणि स्पर्धा घाला, साधारण ते). मोजकी माणसं एका हॉटेलात बसली. आणि हॉटेल कसलं? 'टेम्परन्स हॉटेल', म्हणजे दारू न मिळणारं. पक्षाचा जन्मसुद्धा कोरडा!

चेस्टरकर

@पिंपळपान, हे माझ्या हातून कसं सुटलं!

मग पेन-अ-बेर्थचंही सांगायलाच हवं. १९३५-३६ मध्ये ब्रिटिश हवाई दलाला बॉम्बफेकीच्या सरावासाठी जागा हवी होती. नॉर्थम्बरलंड आणि डॉर्सेटमधल्या जागा सोडल्या, कारण तिथल्या पक्ष्यांना, विशेषतः हंसांना त्रास होईल म्हणून लोकांनी ओरड केली. मग ल्हीनमध्ये पुल्हेलीजवळची ही जागा ठरली. वेल्समधूनही भरपूर विरोध झाला, पण पंतप्रधान बॉल्डविन यांनी शिष्टमंडळाला भेटसुद्धा दिली नाही. हंसांचं ऐकलं, माणसांचं नाही. ८ सप्टेंबर १९३६ च्या पहाटे याच पक्षाच्या सॉन्डर्स लुइस, लुइस व्हॅलेन्टाइन आणि डी. जे. विल्यम्स या तिघांनी, म्हणजे एक प्राध्यापक, एक पाद्री आणि एक शाळामास्तर, तिथलं बांधकामाचं सामान पेटवून दिलं आणि पुल्हेलीच्या पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन सांगितलं की आम्ही केलं. कायरनारवोनला ज्युरीचं एकमत होईना. मग खटला लंडनला नेला आणि नऊ-नऊ महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आले तेव्हा कायरनारवोनला स्वागताला हजारो माणसं.

करवीरकर

त्या पेन-अ-बेर्थच्या तळाचं पुढे काय झालं ते ठाऊक आहे का? युद्धानंतर तिथे पोलिश लोकांची वसाहत झाली. स्वतःचं चर्च, जेवणघर, दवाखाना, म्हाताऱ्यांसाठी घरं, आणि कित्येक दशकं ती तशीच चालली. म्हणजे रविवारी चॅपलला जाणाऱ्या वेल्श शेतकऱ्यांच्या मधोमध रोमन कॅथलिक पोलंडचा एक तुकडा.

मला हे लागतं कारण आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्यालाही पोलिश छावणी होती, १९४३ ते १९४८. सायबेरियातून सुटून इराणमार्गे आलेल्या बायका-मुलं-म्हातारे, मिळून पाचेक हजार. त्यांची शाळा होती, चर्च होतं, नाटकं व्हायची. छावणी मोडली तेव्हा मायदेशी कम्युनिस्ट राज्य आलेलं, बरेच जण परत न जाता ब्रिटनला गेले आणि तिथे जुन्या लष्करी तळांवरच्या अशाच बराकींत राहिले. आमच्या आजोबांकडे त्या छावणीच्या लिलावातली एक लोखंडी खाट होती. मी तिच्यावर झोपून मोठा झालो.

मालवणी_मसाला

धागा बियरवरून सुरू झाला, खाटेपर्यंत आला. याला म्हणतात चर्चा.

बाकी आपल्याकडेही गावातल्या बायका मतदान घेऊन दारूचं दुकान बंद करतातच की. चिन्हं 'उभी बाटली' आणि 'आडवी बाटली'. डुइवोरमध्ये १९८९ ला आडवी बाटली जिंकली आणि १९९६ ला उभी राहिली, एवढंच आम्हा कोकण्यांना समजलं.

तर्कट

@मालवणी_मसाला, फरक आहे आणि तो महत्त्वाचा. आपल्याकडे आडवी बाटली ही नवऱ्याच्या माराला कंटाळलेल्या बायकांची चळवळ. डुइवोरमध्ये १९८९ पर्यंत तरी रविवार हा मुद्दा दारूचा कमी आणि ओळखीचा जास्त झाला असावा असं मला वाटतं. सोमवार ते शनिवार पब उघडेच होते. उन्हाळ्यात इंग्रज सुट्टीला येऊन विचारायचे, 'रविवारी बंद? काय हे मागासलेपण!' आणि इथला माणूस म्हणायचा, 'हो, बंद. आमच्याकडे असंच असतं.' चॅपलला न जाणाऱ्यानेही त्यासाठी कोरड्याला मत दिलं असेल.

चेस्टरकर

@तर्कट, इथे मी तुमच्याशी सहमत. आणि त्यात 'इंग्रज सुट्टीला येऊन' हे तीन शब्द फार जड आहेत.

डुइवोरचं खरं दुखणं घरांचं. युद्धकाळात हॉलिडे कॅम्पवाल्या बिली बट्लिनने नौदलासाठी पुल्हेलीजवळ प्रशिक्षण तळ बांधला (राजपुत्र फिलिप १९४६ मध्ये तिथे शिकवायला होते), आणि १९४७ मध्ये त्याचाच हॉलिडे कॅम्प झाला. हजारोंनी लोक यायला लागले. आले, समुद्र बघितला, आवडलं. मग सत्तरच्या दशकात इंग्लंडातल्या शहरवाल्यांनी ल्हीनमधली जुनी कौलारू घरं सुट्टीसाठी विकत घ्यायला सुरुवात केली. त्यांना ती स्वस्त वाटली. इथल्या मच्छीमाराच्या मुलाला ती परवडेनाशी झाली. वर्षातून सहा आठवडे दिवा लागायचा, बाकी अंधार.

डिसेंबर १९७९ मध्ये एका रात्रीत चार रिकामी सुट्टीची घरं जळाली, त्यातली दोन ल्हीनमध्ये. तिथून 'मेइबियोन ग्लिन्दूर' (ग्लिन्दूर या मध्ययुगीन वेल्श बंडखोराचे पुत्र) या गुप्त गटाची मोहीम सुरू झाली, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. दोनशेच्या वर ठिकाणी आगी लागल्या. पोलिसांच्या हाती फारसं कोणी लागलं नाही. त्या सगळ्या काळात इथली डिस्ट्रिक्ट कौन्सिल म्हणजे हीच बिचारी डुइवोर, आणि मालकी हक्काच्या घराचं काय करायचं याबद्दल तिच्या हातात कायद्याने जवळपास काहीच नव्हतं. नवं बांधकाम नाकारता येत होतं. पण राहतं घर सुट्टीचं घर झालं तर त्याला परवानगीच लागत नसे.

अनुस्वार

आता लागते ना? मला वाटतं यात नवीन काहीतरी झालंय.

चेस्टरकर

झालं, २०२४ मध्ये. आणि गंमत म्हणजे तिथेही डुइवोर आलाच.

वेल्श सरकारने दुसऱ्या घरांवरच्या उपायांचा प्रयोग करायला जो भाग निवडला त्याचं नाव जाहीर झालं: 'डुइवोर पथदर्शी प्रकल्प'. १९९६ मध्येच रद्द झालेल्या डिस्ट्रिक्टचं नाव! कारण 'ल्हीन आणि आसपास' म्हणण्यापेक्षा 'डुइवोर' म्हटलं की सगळ्यांना हद्द बरोबर कळते. त्याआधी २०२० मध्ये नेविन गावातले लोक कायरनारवोनच्या कौन्सिल कचेरीपर्यंत चालत गेले होते, घोषणा साधारण 'घरी राहायचा हक्क' अशी. २०२३ पासून ग्विनेदने दुसऱ्या घरावर कौन्सिल टॅक्सच्या (तिथली घरपट्टी) वर १५० टक्के अधिभार लावला, म्हणजे शंभराचे अडीचशे. आणि १ सप्टेंबर २०२४ पासून राहतं घर सुट्टीचं घर करायचं तर परवानगी लागेल असा नियम लावला.

आबरसोक या गावी सुट्टीची घरं इतकी झाली की डिसेंबर २०२१ मध्ये तिथली प्राथमिक शाळा बंद पडली. मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी उरली होती.

मुक्ताई

आबरसोकचं वाचून वाईट वाटतं पण मलाही कबूल करायला हवं. आम्ही चार मराठी कुटुंबं मिळून दर ऑगस्टला तिथेच एक घर भाड्याने घ्यायचो. कांदाभजी तळायचो, अंताक्षरी खेळायचो, पोरं वाळूत. दोन्ही बाजूंच्या घरांतही आमच्यासारखेच भाडेकरू. सहा वर्षांत एकाही शेजाऱ्याचं नाव कळलं नाही, कारण शेजारी असा कोणी नव्हताच. तेव्हा हे ध्यानातही आलं नाही. वेल्श शिकणारी मी!

पिंपळपान

@मुक्ताई, स्वतःला फार लावून घेऊ नका. कोकणात बंद बंगले कोणाचे आहेत ते मालवणी_मसाला सांगतीलच.

मालवणी_मसाला

सांगणार नाही. त्यातला एक माझ्या मेव्हण्याचा आहे.

करवीरकर

लॉइड जॉर्ज कोणी काढला नाही अजून? पहिल्या महायुद्धातला पंतप्रधान याच भागातला ना?

चेस्टरकर

जन्म मँचेस्टरचा, वाढला ल्हानस्तिमदुइ गावात, मामाच्या घरी. मामा चांभार आणि रविवारी प्रवचन करणारा. १८९० च्या पोटनिवडणुकीत अवघ्या १८ मतांनी निवडून आला, आणि त्या मतदारसंघात पुल्हेली, क्रिकिएथ, नेविन ही गावं होती. तरुणपणी दारूबंदीवर भाषणं ठोकायचा. शेवटी उमराव केला तेव्हा किताब घेतला 'अर्ल लॉइड-जॉर्ज ऑफ डुइवोर'. १९४५ मध्ये गेला, आणि त्याच नदीकाठी पुरला आहे. थडग्यावर एक मोठा धोंडा. लहानपणी त्या धोंड्यावर बसून नदी बघायचा म्हणतात.

त्यामुळे डुइवोर हे नाव सरकारी नकाशावर यायच्या एकोणतीस वर्षं आधी लंडनच्या उमरावांच्या यादीत आलं होतं.

अनुस्वार

मग सध्या 'डुइवोर' अधिकृतपणे कुठे कुठे शिल्लक आहे? माझ्या नोंदीसाठी विचारतोय.

चेस्टरकर

नदी आहेच. संसदेचा मतदारसंघ आहे, 'डुइवोर मेरिओनिद', २०१० पासून. त्या दोन्ही नावांचं मिळून एक कॉलेज आहे. पुल्हेलीतली जुनी कचेरी ग्विनेद कौन्सिलची डुइवोर विभागीय कचेरी म्हणून चालते. लोकांच्या तोंडी तर आहेच, आरवोनवाले आणि डुइवोरवाले एकमेकांच्या उच्चाराची टिंगल करतात.

आणि एक मी बघितलं. क्रिकिएथच्या किनाऱ्यावर उतरताना एका भिंतीवर गंजलेली पत्र्याची पाटी आहे, कुत्र्यांना मनाई. वरची ओळ वेल्श, खाली इंग्रजी, आणि सगळ्यात खाली, रंग उडालेला पण वाचता येतो: डुइवोर डिस्ट्रिक्ट कौन्सिल. खाली वाळूवर तीन कुत्री खेळत होती.

फोटो काढलाय, पण इथे चढतच नाहीये. दोनदा प्रयत्न केला. फाइल मोठी आहे म्हणतोय.

मालवणी_मसाला

लहान करून टाका. पाटी नको, कुत्री दाखवा.